घरचं झालेलं पाणी

किरणोपचाराच्या मशीनमधून किती मात्रा निघते ते मोजणं हे माझं काम. माणसाच्या शरीरात मापक घालता येत नाही, म्हणून शरीराच्या जागी पाण्याची टाकी ठेवायची आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढी हवेची कुपी बुडवायची. कुपी सांगते फक्त विजेचा इवलासा भार. त्याला आधी तापमानाचा, दाबाचा गुणक लावायचा, मग हवेतल्या मात्रेवरून पाण्यातल्या मात्रेवर यायचं, तेव्हा कुठे उत्तर ग्रेमध्ये, म्हणजे मात्रेच्या एककात मिळतं.

किन्हवलीच्या घरी आईला हे सांगितलं तेव्हा ती पाखडत बसली होती. "म्हंजे भाताची पायली बघायची नि तांदूळ किती पडंल ते सांगायचं," ती म्हणाली. माझ्या सगळ्या शिक्षणाचा तिने सुपातच निकाल लावला.

पुढे तिच्याच घशात गाठ निघाली. उपचार माझ्या मशीनवर ठरले आणि मला आकड्यांची पहिल्यांदा भीती वाटली. तिला एक कणही कमी पडायला नको होता.

पहिल्या दिवशी ती त्या खोलीला बिचकली. म्हणून सकाळची मोजणी झाल्यावर, मशीन बंद करून, मी तिला आत आणून बसवलं. मंद उजेड होता. टाकीतल्या पाण्यावर नेम धरायच्या लेसरची लाल रेघ हलत होती आणि आई विहिरीत डोकावावं तशी तिच्याकडे पाहत राहिली. मग सहज हात बुडवला.

"हे पानी अजून घरचं झालं नाय गो."

बियाणं भिजत घालायचं तर आई विहिरीचं पाणी आदल्या दिवशीच आणून घरात ठेवायची. ताजं पाणी बियाण्याला कधी घातलं नाही. आणि मी टाकी धुऊन त्याच सकाळी भरली होती. कुपीतली हवा पाण्याइतकी गार, आणि तक्त्यात मात्र मी सवयीने भिंतीवरच्या तापमापीतलं, खोलीचं तापमान लिहिलेलं. पाण्यात तापमापी धरली. तीन अंशांचा फरक होता.

गार हवा दाट, म्हणून कुपीने भार जास्त दाखवला होता; त्या आकड्यावर गेले असते तर मशीन जास्त देतंय समजून मी ते कमी केलं असतं आणि आईला मात्रा कमी पडली असती. मी तिला तसं सांगून टाकलं.

"किती कमी?"

"शंभर दाण्यांत एक."

"तेवढा तर चिमणीचाच असतो," ती हसली.

मला हसू आलं नाही. मी त्या दिवसाचे सगळे उपचार दुपारवर ढकलले. रुग्ण कुरकुरले, साहेब चिडले. आई बाकावर पदर गुंडाळून डुलक्या घेत होती, जणू शेतावर कुणाची वाट बघतेय. पाणी खोलीइतकं झाल्यावर मी पुन्हा मोजलं, सहकाऱ्याकडून तपासून घेतलं, मगच तिला टेबलावर झोपवलं.

आई त्यानंतर दोनच हंगाम राहिली. कुठे काय कमी पडलं, ते मला आजही कळत नाही. चिमणीचा तो दाणा मात्र मी तिलाच दिला होता.