खणाच्या आतला हत्ती

रामनगरच्या बाजारामागच्या गल्लीत केशर वेळीप घरीच ब्लाउज शिवते. माहेर गुंद गावचं. लग्न होऊन इथं आली त्याला बावीस वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं तिचं मशीन खिडकीजवळच्या एकाच जागी आहे. कुणी कापड आणलं की ती आधी माप घेत नाही. कापड मुठीत चुरगाळते, सोडते आणि बघते. सुरकुत्या राहिल्या तर सुती, लगेच सरळ झालं तर पॉलिस्टर. तरीही शंका राहिली तर कडेचा एक दोरा ओढून चुलीतल्या निखाऱ्यावर धरते. कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, केस जळल्याचा वास आला तर रेशीम.

सुती कापडाला ती हत्ती म्हणते. कन्नडमध्ये कापसाला हत्तीच म्हणतात, आणि इथल्या बाजारात दोन्ही भाषा एकाच तोंडात असतात. "हत्ती पाण्यातनं आला की अंग चोरतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. म्हणून सुती कापडाला आधी पाणी दाखवायचं, सावलीत वाळवायचं, मगच कात्री लावायची.

हा नियम तिला ठेच लागल्यावर सुचला. चार वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीचा, शिल्पाचा, साखरपुड्याचा ब्लाउज तिनं घाईत शिवला. वरचं कापड पॉलिस्टर, आतलं अस्तर सुती आणि न भिजवलेलं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, वरचं होतं तेवढंच राहिलं आणि सगळ्या पाठीवर चुण्या पडल्या. पुढं वर्षभर नळावर बायका म्हणत, "केशरची शिलाई आखडते." गिऱ्हाइकं परत यायला फार दिवस लागले.

गेल्या वैशाखात शेजारची यमुना तिच्या मुलीच्या, राखीच्या, लग्नासाठी एक खण घेऊन आली. लाल, काठाला पिवळी रेघ. राखीच्या आजीनं मरण्याआधी नातीच्या नावानं बाजूला ठेवलेला. तसा दुसरा मिळणार नव्हता.

"केशरक्का, एवढं ऐक. ह्याला पाणी दाखवू नको. लग्नात अंगाला कोरंच लागाय पाहिजे. सासूनं सांगून ठेवलंय."

"सासू होती तवा कधी ऐकलंस तिचं?"

"न्हाई ऐकलं. म्हणून तर आता ऐकते."

केशरनं खण हातात घेतला. खण त्यांच्या घरचा, पण शिलाई तिची. पुन्हा चुण्या पडल्या तर नळावर तिचंच नाव निघणार होतं. तिनं कडेचा दोरा ओढून निखाऱ्यावर धरला. केस जळल्याचा वास आला. मग ओल्या पांढऱ्या चिंधीनं आतला कोपरा चोळला. चिंधी लाल झाली.

"रेशीम हाय, आणि कच्च्या रंगाचं. पाण्यात घातलं असतं तर मीच फसले असते," ती म्हणाली. "खण कोरा ठेवते. पण अस्तर सुती, ते भिजणार."

"तेबी कोरंच पाहिजे न्हवं?"

"अस्तर परशूच्या दुकानातनं आणायचं हाय. ते काय तुझ्या सासूनं ठेवलंय?"

यमुना हसली आणि अस्तर आणायला गेली.

अस्तर दिवसभर बादलीत राहिलं. वाळत आल्यावर थोडं दमट असतानाच केशरनं त्याला इस्त्री केली. खणाला मात्र उलट बाजूनं, वर कोरडं फडकं टाकून, इस्त्री कमी तापवून. ब्लाउज देताना तिनं राखीला बजावलं, "धुवायचा न्हाई. घातला की सावलीत वारा द्यायचा. उन्हात न्हाई, चुलीवरच्या दोरीवरबी न्हाई."

"व्हय मावशी," राखी म्हणाली.

श्रावणात राखी माहेरी आली ती ब्लाउज पिशवीत घालूनच. मागोमाग यमुना. राखीनं तो मशीनवर ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"कुणी धुतला?"

"मीच. हळदीचा डाग होता."

केशरनं ब्लाउज उलटा केला. पांढरं अस्तर गुलाबी झालं होतं. खणाचा लालही उतरला होता. तिनं टेप लावला, मापाची वही उघडली, पुन्हा टेप लावला. पाठ चौदा इंच, वहीतही चौदा. शिवण सरळ, एकही चुणी नाही.

"रंग गेला गं," यमुना म्हणाली.

"रंग हिच्या हातानं गेला. माझा हत्ती जागचा हलला न्हाई." केशरनं ब्लाउजची घडी घालून यमुनेच्या हातात दिली. "आता हे नळावर सांग."