हरकतीच्या अर्जातली मोकळी जागा

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनपासून पाच मिनिटांवर पालिकेच्या मालकीची एक खोली होती. त्या खोलीत वाचनालय होतं आणि रोज सकाळी साडेसहाला त्याचं कुलूप काढायची ती कमळाबाई. मूळची जवळच्या चामटोली गावची. बावीस वर्षांत तिनं सुट्टी घेतली ती दोन बाळंतपणांची आणि एकदा टायफॉइडची. पहिला वाचक सात वाजता यायचा. मधला अर्धा तास तिचा एकटीचा. केर काढायचा, वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांत अडकवायची, आणि अडकवता अडकवता वाचायची. चौथीत शाळा सुटली तेव्हा अक्षरंही सुटल्यासारखीच होती. ती या खोलीत परत आली. आधी मथळे, मग बातम्या, मग सगळंच. त्या अर्ध्या तासावर तिचा जीव होता. घरी तिला कोणी निवांत बसू दिलं नव्हतं, इथे तिला कोणी उठवत नव्हतं.

दर रविवारी दहा वाजता मात्र या खोलीत अभ्यासमंडळ बसायचं, आणि तेव्हा कमळाबाईच्या कपाळावर आठी यायची. मंडळ म्हणजे तीन माणसं. विष्णुपंत रसायनांच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. शरदचंद्र त्याच कारखान्यात युनियनचे पुढारी. तीस वर्षं दोघं एकाच गेटातून आत गेले आणि गेटापासून भांडत गेले. तिसऱ्या पद्मजाताई, शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या. या दोघांच्या मध्ये बसून त्या 'दोन्ही बाजू पाहायला हव्यात' म्हणायच्या, आणि दोन्ही बाजूंची बोलणी खायच्या.

यांचा एक उद्योग होता. देशातला, राज्यातला, गावातला कुठलाही पुढारी असो, त्याच्या भाषणाची कात्रणं कापायची आणि तो उजवा की डावा ते ठरवून दोन कपाटांपैकी एकात ठेवायची. खिडकीकडचं कपाट उजव्यांचं, दाराकडचं डाव्यांचं. कात्रणं चिकटवायचं काम अर्थात कमळाबाईचं. माणूस एकदा कपाटात गेला की यांच्या लेखी त्याचा निकाल लागला. पुढे त्यानं काय केलं, रस्ता बांधला की खाल्ला, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नसे.

कल्याणच्या महापालिकेतून बाहेर पडून अंबरनाथला पुन्हा आपली पालिका मिळाली, निवडणूक झाली, आणि या वॉर्डातून जयदेव निवडून आला. इथंच यांचं घोडं अडलं.

जयदेव हा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला. कंपनीचं घर, कंपनीचं पाणी, कंपनीची शाळा. वाचलेली पुस्तकं या वाचनालयातली, फुकट. आणि आता सांगत फिरत होता की कोणी कोणाला फुकट काही देऊ नये. सरकारनं पाणी, गटार आणि दिवे एवढंच पाहावं. जकात नको, परवाने नकोत, रेशन दुकानं नकोत. हातगाडीवाल्यांना हटवू नका, त्यांचं पोट ते बघतील. कोणी काय प्यावं, काय खावं, कोणाशी लग्न करावं, यात कोणी नाक खुपसू नये. भाषण ऐकून कमळाबाईनं मनाशी म्हटलं, याला पंखा लागतो तो फिरता, पण वायर कोणी टाकली ते याला आठवत नाही. तरी एक होतं. जे होतं ते तो तोंडावर बोलत होता.

जाहीर सभेत तो स्पष्ट म्हणाला होता, "वाचनालय चालवणं हे पालिकेचं काम नाही." मंडळानं ते वाक्य कापलं, चिकटवलं आणि त्यावर सात रविवार खल केला.

"रेशन दुकानं बंद म्हणतो. उजवा. माझ्याकडे नका देऊ," शरदचंद्र म्हणायचे.

"दारूची दुकानं खुली म्हणतो, लग्नाला जातपात नको म्हणतो. असला माणूस माझ्या कपाटात? तुमचाच आहे तो," विष्णुपंत म्हणायचे. आयुष्यभर जी माणसं स्वतःच्या बाजूला ओढायला हे दोघं भांडले, त्यातला हा पहिलाच, जो दोघांना नको होता. पद्मजाताईंनी तिसरं कपाट सुचवलं, तर दोघंही त्यांच्यावर धावले.

मग एका सोमवारी पालिकेचा शिपाई वाचनालयाच्याच फलकावर नोटीस लावून गेला. खोली रिकामी करून भाड्यानं देण्याचा विचार आहे, वाचनालयाच्या सभासदांनी तीस दिवसांत लेखी हरकत द्यावी. कमळाबाईनं ती उभ्या उभ्या दोनदा वाचली. पगार जाणार होताच, पण तिला पहिल्यांदा आठवला तो सकाळचा अर्धा तास.

रविवारी तिनं नोटीस काढून टेबलावरच ठेवली. "आता काय ते ल्हिवा. खोली बंद करू नका, एवढंच ल्हिवलं तरी बास हाय."

"असं कसं, कमळाबाई?" विष्णुपंत म्हणाले. "भूमिका स्पष्ट पाहिजे."

आणि त्यांनी झोकदार अक्षरात पहिलं वाक्य लिहिलं: 'नगरसेवक श्री. जयदेव यांच्या … धोरणाचा आम्ही निषेध करतो.' मधली जागा मोकळी सोडली. कारण मंडळाचा नियम असा, की एकमत झाल्याशिवाय कागद बाहेर जायचा नाही. आणीबाणीच्या काळातही त्यांनी हा नियम पाळला होता, म्हणजे त्या काळात त्यांचा एकही कागद बाहेर गेला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता.

पहिला रविवार 'उजव्या' या शब्दात गेला. विष्णुपंत सही करेनात. दुसरा 'डाव्या' या शब्दात गेला. शरदचंद्र उठून निघाले, त्यांना दारातून परत आणावं लागलं. तिसऱ्या रविवारी पद्मजाताईंनी 'मध्यममार्गी' सुचवलं आणि त्यांना रडू येईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं. कमळाबाई चहाचे कप उचलत होती. तिनं विचारलं, "मंग ती जागा तशीच ठेवून द्या ना. बाकीचं तर सगलं बरोबर हाय."

"मोकळी जागा ठेवून अर्ज देतात होय?" शरदचंद्र हसले. त्या हसण्यात मात्र त्यांचं आणि विष्णुपंतांचं एकमत होतं.

बाकीचे सभासद 'मंडळ लिहितंय ना' म्हणून निर्धास्त होते. सोमवारी कमळाबाई तडक पालिकेत गेली. म्हणाली, मी देते हरकत, मला येतं लिहायला. कारकुनानं सभासदांची यादी काढली, वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं नाव नाही यात." बावीस वर्षं ती यादी दरवर्षी नव्या वहीत उतरवून घ्यायला तिनंच समोर धरली होती. त्यात आपलं नाव नाही हे तिला त्या खिडकीशी पहिल्यांदा कळलं. ती परत आली आणि रडली नाही, फार चिडली. सबंध वाट स्वतःवर चिडली, की हे आपल्याला कधी सुचलं कसं नाही.

अखेर पाचव्या रविवारी शब्द सापडला. 'तथाकथित.' 'यांच्या तथाकथित धोरणाचा आम्ही निषेध करतो.' तिघांनी आनंदानं सह्या केल्या, एकमेकांचे हात हातात घेतले. तो दिवस चौतिसावा होता. सोमवारी अर्ज घेऊन कमळाबाईच गेली. कारकुनानं त्यावर शिक्का मारला: मुदतबाह्य. विष्णुपंतांनी शिक्क्याची प्रत फायलीला लावून घेतली. आवक क्रमांक पडला होता ना.

खोली बंद करायच्या दिवशी जयदेव स्वतः आला. विष्णुपंत, शरदचंद्र, पद्मजाताई आपापली कात्रणं सांभाळत उभे होते. दोन्ही कपाटं टेम्पोत चढवताना कात्रणं एकमेकांत मिसळली, त्यावरून त्यांचा वाद सुरूच होता.

"मला वाटलं होतं, पन्नास तरी हरकती येतील," जयदेव म्हणाला. "एक जरी वेळेत आली असती तरी विषय परत सभेपुढे न्यावा लागला असता. एकही आली नाही. मग मी धरलं, की कोणाला खोली नको आहे."

"मला व्हती पायजे," कमळाबाई म्हणाली.

"मग हरकत का नाही दिलीत?"

"मी सभासद न्हाय."

जयदेवनं आश्चर्यानं मंडळाकडे पाहिलं. विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला. "तो विषय… कधी बैठकीत आला नाही," ते म्हणाले. पद्मजाताईंना काही बोलावंसं वाटलं असावं, पण त्यांची दुसरी बाजू पाहून व्हायची होती.

कमळाबाईनं किल्ली कमरेची सोडली. ती विष्णुपंतांनी हात पुढे करूनही त्यांना दिली नाही, जयदेवच्या हातात ठेवली. "तू बी वंगाळच केलंस, बाबा," ती म्हणाली. "हितंच वाचून मोठा झालास. पन सांगून केलंस." जयदेवनं किल्ली मुठीत घेतली. त्याच्या भाषणात असल्या माणसाची सोय नव्हती.

ती पिशवी घेऊन पायरी उतरली तेव्हा शरदचंद्रांनी मागून हाक मारली, "कमळाबाई, रविवारपासून विष्णुपंतांच्या गॅलरीत बसतोय आम्ही. दहा वाजता. याल ना?"

ती वळली. "सभासद म्हनून बोलावताय, का चहा कराया?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तरासाठी ती थांबली नाही. त्यावर एकमत व्हायला यांना निदान दोन रविवार लागले असते, आणि तिला अकराच्या आत उल्हासनगरला पापडाच्या कारखान्यात काम विचारायला पोचायचं होतं.