वहिनीने न घेतलेलं नाव

माझ्या थापा तुम्ही ऐकल्यात. उल्हास नदी मगरीच्या पाठीवर बसून ओलांडली, कुळगावात एका बैठकीला दीडशे वडे हाणले आणि वडेवालाच माझ्या पाया पडला — हसलात, वर चहाही पाजलात. पण ही एक गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही. कारण यातली थाप कुणीतरी खरी मानली.

थांबा. आधी मशीनचं सांगतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या कॉम्प्युटर क्लासात मी बेसिक शिकवायचो. बेसिक म्हणजे मशीनची अंकलिपी. पहिल्या दिवशी मुलांना सांगायचो — वाक्यात एक रिकामा डबा ठेवा. मशीन विचारेल, नाव काय? तुम्ही टाइप करा सुरेश. की पडद्यावर हजर — 'नमस्कार सुरेश, कसे आहात?' मुलं टाळ्या पिटायची. मशीन आपल्याला ओळखतं! वाक्य तेच असतं हो. डब्यातला माल तेवढा बदलतो.

शेठ बेरकी. अंबरनाथला महाशिवरात्रीच्या जत्रेत त्याने टेबल टाकलं. त्यावर मशीन, खडखडणारा प्रिंटर आणि पाटी — 'कॉम्प्युटर भविष्य'. "साईं, आदमी झूठ बोलता है, मशीन नहीं!" तो गर्दीला ओरडून सांगायचा. प्रोग्राम माझा. त्यात दोन डबे, एक नावाचा, एक सणाचा. अमुक, अमुक सणाला घरी येतील, अमुकचं लग्न अमुक सणाआधी ठरेल. इंग्रजी अक्षरांत मराठी छापून यायचं आणि मी ते भटजीच्या थाटात वाचून दाखवायचो.

त्या रांगेत वहिनी उभी राहिली.

कशासाठी — ते मला ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ, मधुकरदादा, कारखाना बंद पडल्यावर कामासाठी सुरतला गेला, त्याला दीड वर्ष झालं होतं. आणि — हेच सांगायला बसलोय ना मी? — आठवडाभर आधी क्लासच्या पत्त्यावर त्याचं मला पत्र आलं होतं. तिकडे त्याने दुसरा संसार मांडला होता. 'तुझ्या वहिनीला तूच सांग. माझ्याच्याने होत नाही.' ते पत्र माझ्या खिशात होतं. त्या टेबलापाशीसुद्धा.

वहिनीचा भाऊ तिला नाशिकला न्यायला आला होता. नर्सच्या कोर्सला तिचं नाव घालणार होता. बिचारा तिच्या उत्तरासाठी थांबला होता.

"भाऊजी, तुमच्या मशीनला विचारा," ती म्हणाली. "ते म्हणेल तसं करते."

पडद्यावर आलं, नाव काय? नवऱ्याचं नाव वहिनी कधी घेत नसे. मान खाली घालून हसली. "तुम्हाला काय माहीत नाही?" मागून एक बाई ओरडली, "अगं, उखाणा घे की! मशीनसुद्धा खूश होईल!" रांग खदखदली. मीही हसलो. आणि मधुकर हे नाव मीच टाइप केलं. सणही मीच घातला. पाडवा.

दहा पावलांवर झाड होतं. तिथे नेऊन पत्र वाचून दाखवायचं, एवढंच तर होतं. जमलं नाही मला. मशीनच्या आड बसून मी वाचलं, "मधुकर पाडव्याला घरी येतील." तिने कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. भाऊ एकटाच नाशिकला परतला.

पाडवा आला, गेला. ती क्लासात आली. "नीट विचारा हो, भाऊजी." मी सण बदलला, गणपती. मग दिवाळी. मग होळी. असं सहा वर्षं. मी आकडे फुगवतो, सगळ्यांना माहीत आहे. हा फुगवलेला नाही. नाशिकहून येणारी पत्रं थांबली, कोर्सचं वय निघून गेलं. दर वेळी माझा हात खिशाकडे जायचा आणि बोटं कीबोर्डवर. भित्रा माणूस किती भरभर टाइप करतो, पाहिलंय कधी?

सहाव्या वर्षी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मी हेंद्रेपाड्यात तिच्या खोलीवर गेलो. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, वाटीत उटणं. बंबातलं पाणी उकळून उकळून आटत आलेलं. ऊन उंबऱ्यावर आलं, तसा तिने पाट उचलून भिंतीला टेकवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मधुकर येणार नाहीत ना, भाऊजी?"

नाव घेतलं तिने. लग्नानंतर पहिल्यांदा.

आणि मी — तासन्‌तास ज्याची जीभ टाळ्याला लागत नाही तो मी — काय म्हणालो?

"मशीन चुकत नाही, वहिनी."

तिने ओल्या फडक्याने रांगोळी पुसली. फराळाचं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी खाल्लं.

पुन्हा ती क्लासात आली नाही. शिवणकामावर दिवस काढले आणि त्याच खोलीत वारली. सामान आवरताना देवाच्या तसबिरीमागे घड्या घातलेले कागद सापडले. प्रत्येकावर तेच वाक्य, सण तेवढा वेगळा.

दादाचं पत्र माझ्याकडेच आहे. ते मी तिला कधीच दाखवलं नाही.