काजूचं दूध जमलं तेव्हा

मॅडम टेस्टिंगला किचनकडे निघाल्या होत्या आणि माझ्या जगमधली स्मूदी फुटली होती. खाली पिवळं पाणी, वर चोथा. चमचाभर चाखली तर कडू. सकाळी केली तेव्हा चांगली होती.

"दीदी, ये दूध नहीं, दूध का भूत है," बिष्टजी म्हणाले. ते आमचे मुख्य आचारी, गढवालकडचे. एवढं बोलून ते डोशाच्या तव्याकडे वळले. स्मूदी हा त्यांचा विषय नव्हता, माझा होता.

मी मुळशीत, कोळवणच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वेलनेस रिसॉर्टमध्ये नोकरी करते. शिक्षण बी.एस्सी., फूड टेक्नॉलॉजी. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला इथे नाही. किचनमध्ये जे कोणाला जमत नाही ते माझ्या टेबलावर येतं. त्या आठवड्यात आली होती आंबा, अननस आणि केळ्याची स्मूदी, तीही गाईम्हशीच्या दुधाशिवाय, काजूच्या दुधात.

मॅडम म्हणजे आमच्या मालकीणबाई. पुण्याहून येऊन-जाऊन असतात. त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"सारिका, कडू का लागतंय?"

"कारण शोधते मॅडम. उद्या परत देते."

"उद्या शेवटचं हं. हिंजवडीच्या कंपनीचा ग्रुप येतोय. त्यांना सगळा ब्रेकफास्ट डेअरी-फ्री हवाय. तुला जमणार नसेल तर मी मुंबईहून कन्सल्टंट बोलावते. आणि जमलं, तर किचनमधून दूध पूर्ण बंद. दोन्ही ठेवायचं नाही. मिक्सर तेच, फ्रीज तोच. कुणाला अ‍ॅलर्जी असली म्हणजे?"

बोलणं बरोबर होतं. मीही तोच सल्ला दिला असता. फक्त ते दूध कुठून येतं हे मॅडमना ठाऊक नव्हतं. ते पाहणं मॅनेजरचं काम.

दूध आमच्या घरचं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी मोटरसायकलला किटल्या लावून चढ चढून मागच्या गेटला यायचे. घर डोंगराच्या पायथ्याशीच आहे, पण माझी शिफ्ट गावातून वर येणाऱ्या पहिल्या जीपच्या आधी सुरू होते, म्हणून मी स्टाफ क्वार्टरमध्ये राहते. सीझनला सुट्टी मिळत नाही. खोलीतली दुसरी मुलगी दिवाळीत नोकरी सोडून गेली, तिची कॉट तशीच उभी करून ठेवली आहे. स्टाफमधले बहुतेकजण डोंगराळ भागातले, दूरदूरचे. जेवताना ते आपापल्या बोलीत बोलतात, हसतात. माझ्यासाठी मध्येच हिंदीत येतात, मग पुन्हा आपल्या बोलीत जातात. गाऱ्हाणं नाही हे. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

तर दिवसभरात माझं मराठीत बोलणं व्हायचं ते त्या गेटपाशी. आण्णा किटली रिकामी होईपर्यंत दगडावर टेकायचे. म्हशीचं, शेजाऱ्यांचं, आईच्या गुडघ्याचं सांगायचे. काजूच्या दुधाचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं होतं, "काजूला सड कुटं असत्यात गं? धार कशी काडतीस?"

"भिजवायचे, वाटायचे, गाळायचे."

"मंग ती चटणी झाली की!"

दुपारी किचन मोकळं झालं तशी मी कामाला लागले. दोष दोन होते, पातळपणा आणि कडवटपणा. दोन्ही एकदम सोडवायला गेलं की काहीच हाती लागत नाही, म्हणून आधी पातळपणा धरला.

कारण सोपं निघालं. काजू वाटताना मी सुरुवातीलाच सगळं पाणी ओतत होते. दाणे पात्याखालून निसटत होते आणि रवाळ राहत होते. आता भिजवलेले काजू थोड्याच पाण्यात आधी लोण्यासारखे वाटले आणि मग पाणी वाढवलं. दुसरं कारण बर्फ. बर्फ थंड करतो आणि वितळून पाणीच घालतो. त्याऐवजी पिकलेली केळी आणि आंब्याच्या फोडी गोठवून घेतल्या. गोठलेलं केळं वाटलं की आइस्क्रीमसारखं होतं, दाटपणा तिथून येतो. मिक्सरमध्ये पातळ खाली, गोठलेलं वर. उलट केलं तर पात्याभोवती पोकळी होते आणि मोटर नुसती ओरडते.

कडवटपणा मात्र अननसाचा होता. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. एन्झाइमला कात्री समजा. ही कात्री प्रोटीन कापते, आणि कापलेले तुकडे कडू लागतात. काजूच्या दुधात प्रोटीन असतं. लगेच प्यायलं तर कळत नाही, पण आमच्याकडे बुफे. जग भरून ठेवायचे, पाहुणे योगा आटपून सावकाश येणार. तेवढ्यात कात्री आपलं काम करून मोकळी.

गोठवून ही कात्री मरत नाही, नुसती झोपते. उष्णतेनं मरते. मी दोन ग्लास लावले. एकात कच्चा अननस, दुसऱ्यात कढईत चांगला वाफवून गार केलेला. संध्याकाळी पहिला कडू झाला. दुसरा तसाच, दाट आणि गोड. त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि आंबा उठून आला.

जमलं होतं. मी एकटीच होते म्हणून कोणाला सांगितलं नाही. खरं तर सांगावंसंही वाटेना. उद्या कच्चा अननस घातला असता तर मुद्दाम केलं हे कोणाला कळलं नसतं. मॅडमनी माझ्यावर फुली मारली असती आणि दूध चालू राहिलं असतं, निदान कन्सल्टंट येईपर्यंत. हा विचार मी केला. पण वाफवलेल्या अननसाचा डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि झाकणावर माझं नाव लिहिलं.

सकाळी आण्णा आले. मी ग्लास पुढं केला.

त्यांनी हळूहळू सगळा संपवला. मिशी पुसली. "ग्वाड हाय. घट बी लई हाय. ह्यात आपलं दूध किती घातलंस?"

"थेंब न्हाई."

ते रिकाम्या ग्लासाकडं बघत राहिले. "साय बी न्हाई?"

"न्हाई. आन हे मॅडमना आवडलं तर किचनमदी दूधच घ्यायचे न्हाईत, आण्णा."

"मंग?"

"मंग काय? आज त्यास्नी हे देऊ का नको, तुमीच सांगा."

आण्णा चिडले. माझ्यावर ते क्वचित चिडतात. "म्हंजे मुद्दाम खराब करून देतीस का? त्यापायी कॉलेजला घातलं व्हतं व्हय तुला? दूध काय, कुटंबी घालीन मी. दे जा गुमान." नळाखाली ग्लास विसळून त्यांनी मला दिला आणि किटल्या बांधायला लागले.

मॅडमनी ग्लास संपवला आणि दुसरा मागितला. "हे पाहिजे होतं मला! मॅनेजरना सांग, उद्यापासून दूधवाला बंद. ते फोन करतील त्याला."

"फोन नको मॅडम. मी सांगते."

"तू ओळखतेस?"

"माझे वडील आहेत."

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अगं, आधी बोलायचंस ना." पण निर्णय बदलते असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही बदला म्हटलं नाही. मिक्सर एकच होता. अ‍ॅलर्जी खरी होती.

ग्रुपला स्मूदी आवडली. जग तीनदा भरावा लागला. कन्सल्टंट आला नाही. बिष्टजी आता पाहुण्यांना सांगतात, "हमारी दीदी का फॉर्मूला है." आण्णा गावातल्या डेअरीवर दूध घालतात, घरापासून चालत जाऊन. पेट्रोल वाचतं, कंबर वाचते. त्यांचं नुकसान झालं असं मला म्हणता येत नाही. फोन करते, पण खोऱ्यात रेंज धड नसते, आणि लागला तरी आण्णा "हां, बरंय, ठिवू का?" याच्या पुढं जात नाहीत. ज्याला समोर बसून बोलायची सवय, त्याला फोनवर विषय सापडत नाही.

कुणाला करून बघायची असेल तर अननस आधी वाफवून घ्या आणि बर्फ घालू नका. आणि मेनूवर नवं काही चढवण्याआधी जुनं कोण आणून देतं ते विचारून ठेवा. विचारल्यानंतरही पदार्थ चांगलाच करावा लागतो, एवढं धरून चाला.