दुकानात नसलेला रंग

सेलूतल्या आमच्या कापडाच्या दुकानात अमेरिकेतल्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिथल्या दोन्ही मोठ्या पक्षांना वैतागून तिनं तिसऱ्यालाच मत दिलं होतं, आणि नवरा तिच्याशी बोलत नव्हता.

मी तडकलो. "वाया घालवलं ना मत!"

बाबांनी फोन ओढून स्पीकरवर टाकला. "बाई, आपल्याजवळ नाई तो रंग मागून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं, तं आपण काय करतो?"

"पुढच्या खेपेले नागपूरहून आणतो," ती म्हणाली.

"मंग? न मागता कोण आणते?"

"अन् तोवर काय उघडं फिरावं?" मी ओरडलो.

"जुनं धुऊन घालावं," बाबा कापडाचं थान गुंडाळत म्हणाले. "पण नाई आवडलं ते आवडलं म्हणून घेऊ नाई."