मोज्यातला पत्रा

नातीच्या फुटबॉलसाठी मी नडगीला बांधायच्या पट्ट्या शिवल्या आणि त्यांत गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा घातला. कुणाला सांगितलं नाही, नातीलाही नाही. याला चार-पाच वर्षं झाली. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे साठी अजून लागायची होती, आणि त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं दिसतं.

लेक आणि सून ऊसतोडीला गेले की नात माझ्याकडं. आमचं गाव दिंद्रुडच्या अलीकडं, शाळा गावातच. त्या हिवाळ्यात एका मॅचवरून ती आली तेव्हा नडगी वांग्यासारखी काळीनिळी झालेली. मी विचारलं तर म्हणाली, "आज्जे, फुटबॉलमधी लागतंच."

लागतंच म्हणजे काय? मला वाटलं, पोरगी काहीतरी लपवतेय. आधी संशय सरांवर आला. शेळी चारायच्या निमित्तानं मी शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायला लागले. सर शिट्टी वाजवत, ओरडत, पण हात काही उचलत नव्हते. त्यांच्यावरचा संशय मी नाइलाजानं सोडला. मग पोरींच्या बोलण्यातून दुसऱ्या शाळेची एक उंच पोरगी कळली. बचावाला खेळायची. "ती आडवी आली की पाय गेला समज," असं त्या म्हणत. झालं, मला चोर सापडला.

खरं तर चोर शोधायला एवढं लांब जायची गरज नव्हती. शाळेत नडगीचे पॅड होते, ते मुलांच्या संघाकडं. मुली मोज्यात पुठ्ठा घालून खेळत, घाम आला की त्याचा लगदा व्हायचा. प्रथमोपचाराची पेटी होती, तिला कुलूप होतं. किल्ली क्लार्ककडं, आणि क्लार्क बहुधा बीडला. मी सरांना विचारलं, पोरगी पडली तर काय करता?

"पाणी मारतो, मावशी," सर म्हणाले.

पण शाळेशी भांडायचं तर अर्ज लिहा, हेडमास्तरांच्या दारात बसा. उंच पोरीशी भांडायला सुई-दोरा पुरणार होता. म्हणून तेव्हाच्या त्या शहाण्या बाईनं वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची कात्री आणली, तेलाचा रिकामा डबा फाडला, दोन्ही नडग्यांच्या मापाचे तुकडे कापले. कडा दगडानं ठोकून आत वळवल्या. एका तुकड्याचा एक कोपरा वळवायचा होता, तेवढ्यात चहा उतू गेला. उठले, चूल पुसली, चहा घेतला आणि परत येऊन तो तुकडा तसाच जुन्या लुगड्याच्या घड्यांत घालून शिवून टाकला. गोधडीसारखे बारीक टाके, मागं बांधायला परकराची नाडी. दिसायला लई देखणं झालं होतं काम.

"जड हाय गं, आज्जे," नात म्हणाली.

"लुगडं जुनं हाय. तवाची कापडं जडच असायची," मी म्हणाले.

मॅच माजलगावला होती, त्याच उंच पोरीच्या शाळेशी, आणि तिथूनच जिल्ह्याच्या संघासाठी पोरी निवडणार होते. पंचांनी खेळाआधी सगळ्या पोरींचे बूट, मोजे तपासले. कानातलं काढायला लावलं, बांगड्या काढायला लावल्या. नातीच्या पायाशी थांबले. "हे काय?"

"आज्जीनं शिवलंय, सर."

पंच हसले. वरून थोपटलं आणि पुढं गेले. मी कडेला पोत्यावर बसून तोंडाला पदर लावला.

खेळ सुरू झाला आणि थोड्या वेळानं मैदानात आवाज झाला, टण्ण. उंच पोरगी पाय झटकत बाजूला गेली. लोक इकडंतिकडं बघायला लागले. मला एवढा आनंद नातीच्या बारशालाही झाला नव्हता. पुन्हा एकदा टण्ण. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "हे काय वाजतंय गं?" मी म्हणाले, "कुणाचं तरी ताट पडलं असंल."

मग बॉलवर दोघी एकदम आल्या. पायात पाय अडकले, दोघी पडल्या, आणि पांढऱ्या मोज्यावर रक्त दिसलं. लांबून मला कुणाचा मोजा ते कळलं नाही. जाणून घ्यायची गरजही वाटली नाही. मी उभी राहून ओरडले, "ब्लेड हाय त्या उंच पोरीपाशी. मोजे बघा तिचे."

ब्लेड हा शब्द मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला वेळ लागला नाही. पंचांनी शिट्टी मारली, दोघींना मोजे काढायला लावले. तेव्हा दिसलं की रक्त उंच पोरीचं होतं. नडगीवर उभी चीर पडलेली. तिच्या मोज्यात भिजलेला पुठ्ठा निघाला. माझ्या नातीच्या पट्टीतून, देखण्या टाक्यांच्या मधून, पत्र्याचा कोपरा बाहेर आलेला.

"मुद्दाम घातलाय," उंच पोरीचे सर म्हणाले. "जिल्ह्याच्या संघात निवड व्हायची हाय म्हणून. ही पोरगी आता कुठंच खेळायला नको."

नातीनं माझ्याकडं बघितलं. 'आज्जीनं शिवलंय' हे ती मघाशी किती सहज म्हणाली होती, आता तोंड उघडेना. आमचे सर हळूच म्हणाले, "मैदानात काच पडली असंल." आणि मी सांगते, क्षणभर ती काच मला लई आवडली.

पण नातीचं नाव जात होतं. मी मैदानात गेले. "पत्रा मी घातला. तिला ठाव न्हाई."

पंचांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आजी, नातीला वाचवताय तुम्ही."

आयुष्यात मी एवढ्यांवर संशय घेतला, आणि खरं बोलले तेव्हा माझ्यावर कुणी विश्वास ठेवीना. मी म्हणाले, "दुसऱ्या पायातली पट्टी उसवा. डब्यावर भुईमुगाच्या शेंगेचं चित्र होतं. अर्धी शेंग हिच्यात हाय, अर्धी तिच्यात. पोरीनं घातला असता तर मला कसं कळलं असतं?"

उसवलं. पंचांनी दोन्ही तुकडे गवतावर जुळवून ठेवले. पुरी शेंग झाली. कुणीतरी हसलं.

नातीला त्या मॅचमधून काढलं, नाव मात्र निवडीत राहिलं. मला मैदानाच्या कडेलाही बसायची बंदी झाली. मी त्या पोरीबरोबर जीपमध्ये बसून सरकारी दवाखान्यात गेले. टाके घालताना ती रडली नाही. सगळा वेळ माझ्या हातांकडं बघत होती, मी पिशवीतून आणखी काही काढते का म्हणून.

घरी आल्यावर मी नातीला विचारलं, तुझी नडगी काळी झाली त्या दिवशी तिनं तुला मुद्दाम मारलं होतं का? ती म्हणाली, "मीच बॉलवर उशिरा पोचले होते, आज्जे." मला अजून थोडा संशय आहे, पण तो मी घरातच ठेवते.

जिल्ह्याच्या संघात दोघींची निवड झाली. सरावाच्या पहिल्या दिवशी मी फाटकाबाहेर थांबले. त्या पोरीसाठी नवीन पट्ट्या शिवल्या होत्या, आत जुन्या चटईचा फोम, दुसरं काही नाही. ती बाहेर आली तेव्हा हातात दिल्या. तिनं त्या दाबून बघितल्या, वाकवल्या, कानाशी धरून हलवल्या, शिवण नखानं ताणून आत डोकावली. मग मला परत दिल्या आणि म्हणाली, "आधी तुमच्या नातीच्या पायात घाला. दोन मॅच होऊ द्या, मंग बघू."