फोटो नसलेली आई

आमच्या दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात सुनंदाताईंचं घर इतकं लख्ख, की त्यांच्याकडे चहा पिताना कप कुठे ठेवावा याचंच मला टेन्शन येतं. अशा बाईने कोळशाच्या कांड्यांनी चित्र काढायचा क्लास लावला म्हटल्यावर मी पोटभर हसले. मग कारण कळलं. त्या लहान असतानाच आई गेली. फोटो एकही नाही. चेहरा आठवतो तो फक्त पुण्याच्या थोरल्या बहिणीला, सरलाताईंना, आणि हल्ली त्यांचंही विसरणं वाढलंय. दिवाळीला त्या दिल्लीला येणार होत्या. त्याआधी चित्र व्हायला हवं होतं.

बाकीचे नवशिके केळी आणि किटल्या काढत होते. या मात्र रोज बहिणीला फोन करून आई काढत होत्या. नाक कसं होतं? तुझ्यासारखं. ओठ? तुझ्यासारखेच.

क्लासच्या कौर मॅडम म्हणाल्या, "आंटीजी, रगड़ो मत. जहाँ उजाला चाहिए, वहाँ गुँथा आटा दबाओ और उठा लो."

ताईंनी घरी येऊन कोळसा टिपून उचलायला पोळ्यांच्या कणकेचा गोळा घेतला. मॅडमच्या आट्यात नुसतं पाणी, आपल्या कणकेला तेलाचा हात. आईच्या कपाळावर, गालांवर तेलकट डाग पडले. दुसरं काढायला वेळच नव्हता, सरलाताई येऊन पोचल्या.

"घाण झालंय, नको बघूस," म्हणत ताई कागद लपवू लागल्या. मला रागच आला. मी तो ओढून सरलाताईंपुढे धरला.

चित्र निरखून त्या म्हणाल्या, "ही आई नाही. ही तूच आहेस, नंदे."

ताईंनी विचारलं, "मग तू जे सांगत होतीस ते?"

"तुला ती आठवत नव्हती ना. म्हणून जरा देखणी करून सांगत आले. तिचं नाक बसकं होतं. दात पुढे. ओठ कधी मिटायचेच नाहीत."

सरलाताईंनी बोटानेच नाकाचा शेंडा पुसून टाकला. सुनंदाताईंनी कांडी उचलली, नाक बसकं केलं, मिटलेले ओठ उघडले आणि दात रेखले.

सरलाताई चित्रावर वाकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "आई."

तेव्हा कुठे सुनंदाताईंनी आपली आई पहिल्यांदा पाहिली.